मुलांना घरीच शिकवायचं ठरवलंय, सुरुवात कुठून करू?

ताई, सलाम.

तुमचं म्हणणं मला असं कळलं. मोठी मुलगी साडेपाच वर्षांची, धाकटा तीनचा. यजमान नाशिकला सातपूरच्या एका कंपनीत, शिफ्ट ड्यूटीवर. येत्या जूनमध्ये मुलीला पहिलीत घालायची वेळ आलीय आणि तुमच्या मनात आहे की तिला घरीच शिकवावं, देवाच्या वचनात वाढवावं. ओळखीच्या एका बाईंनी अमेरिकेतला ख्रिस्ती अभ्यासक्रम सुचवलाय, तो चाळीस हजारांच्या घरात जातो. सासूबाई म्हणतात, "पोरांचं वाटोळं करशील." आणि तुम्ही विचारलंय की हे कायद्यात बसतं का, कोणता अभ्यासक्रम घेऊ आणि सुरुवात कुठून करू.

मी हे काम चौदा वर्षं करतेय. थोरला आता बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. लेक मध्ये दोन वर्षं शाळेत जाऊन आली आणि गेल्या वर्षी मुक्त विद्यालयातून दहावी झाली. धाकटा अकरा वर्षांचा, अजून घरीच शिकतोय. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, आणि आसपासच्या दहा-बारा घरांबरोबरही मी त्यांच्या सुरुवातीच्या दिवसांत बसलेय. त्यातल्या चार घरांनी वर्षभरात मुलांना पुन्हा शाळेत घातलं, आणि त्या चौघींपैकी तिघींचा निर्णय मला तेव्हाही बरोबर वाटला, आजही वाटतो. त्यामुळे "घरशाळा प्रत्येक ख्रिस्ती आईनं केलीच पाहिजे" असं मी म्हणणार नाही.

तुमच्या पत्रात मला तीन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेले दिसतात. विश्वासाचा, घरातल्या माणसांचा आणि अभ्यासाचा. अभ्यासक्रमाचा प्रश्न तुम्ही सगळ्यात आधी विचारलात, पण साडेपाच आणि तीन वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तो सगळ्यात शेवटचा आहे. चाळीस हजारांचा खोका आत्ता मागवू नका. या वयात शाळा घरात आणायची नसते, आधी घराचा दिवस नीट लावायचा असतो. तो लागला की अभ्यास त्यात बसतो. तो न लागता पुस्तकं आली, तर पुस्तकं, आई आणि मूल तिघंही ऑगस्टपर्यंत थकतात.

आधी कायद्याचं बोलू, कारण ती धास्ती मनात असली की बाकीचं काही सुचत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, आणि तो ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. म्हणजे आजच्या घडीला तुमच्या दोन्ही मुलांना तो लागूच होत नाही. मुलगी सहाची झाली की होईल. त्याच्या दहाव्या कलमात लिहिलंय की मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे आईवडिलांचं कर्तव्य आहे. पण तसं केलं नाही तर आईवडिलांना शिक्षा काय, हे त्या कायद्यात कुठेही नाही, आणि घरी शिकवण्याला परवानगी किंवा मनाई असा शब्दही नाही. परवानगीचा कागद कुठल्याच कार्यालयात मिळत नाही, त्यासाठी हेलपाटे घालू नका.

शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण करायला कधीतरी शिक्षिका दारात येतील. आमच्याकडे दोनदा आल्या. त्यांच्याशी हुज्जत घालू नका. उन्हातान्हात दारोदार फिरून एकही मूल शिक्षणावाचून राहू नये म्हणून त्या आलेल्या असतात, आणि हे काम चांगलंच आहे. मी त्यांना पाणी दिलं, मुलांच्या वह्या समोर ठेवल्या, थोरल्यानं एक उतारा वाचून दाखवला. त्यांनी नोंद करून घेतली आणि जाताना त्याला शाबासकी देऊन गेल्या. यासाठीच वह्यांवर तारखा घालायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

त्याच कायद्याचं चौथं कलम मात्र लक्षात ठेवा, ते आपल्या कामाचं आहे. जे मूल कधी शाळेत गेलं नाही किंवा ज्याची शाळा मध्येच सुटली, त्याला वयाप्रमाणे थेट त्या वर्गात प्रवेश मिळतो. माझी लेक पाचवीच्या वयाची असताना माझं ऑपरेशन झालं, सहा महिने मला धड उठबस करता येत नव्हती. आम्ही तिला जवळच्या शाळेत थेट पाचवीत घातलं. आधीच्या चार वर्षांचा कुठलाही दाखला नव्हता. तिला जड गेलं ते फक्त वेळेत पेपर पूर्ण करणं, तेही सहामाहीपर्यंत जमलं. सांगायचं हे की परतीचं दार उघडं आहे. एक दार मात्र बंद होऊ शकतं. खासगी विनाअनुदानित शाळांतल्या, दुर्बल आणि वंचित घटकांसाठीच्या २५ टक्के राखीव जागा फक्त सुरुवातीच्या वर्गात भरतात. तुमच्या घरची परिस्थिती त्यात बसत असेल आणि मनात तो विचार असेल, तर पहिलीचं वर्ष सोडण्याआधी यजमानांशी बसून नीट बोला.

परीक्षांचंही आत्ताच सांगून टाकते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, ही केंद्र सरकारची संस्था १९८९ पासून आहे. तिच्यात मुक्त मूलभूत शिक्षणाचे अ, ब, क असे तीन स्तर आहेत. ते अनुक्रमे तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे धरतात. दहावीला बसायला वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात आणि पाच विषय घ्यावे लागतात. पुष्कळ जणी मला विचारतात की राज्य मंडळाच्या दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरला तर चालेल का. तो मुळात शाळा सुटलेल्या मुलांसाठी आहे, त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, म्हणून कधीच शाळेत न गेलेलं मूल तिथे अडतं. तुमची मुलगी चौदाची व्हायला अजून साडेआठ वर्षं आहेत. आत्ता एवढं माहीत असलं की पुरे.

आता सासूबाईंकडे येते, कारण मला वाटतं तुमची खरी झोप तिथे उडालीय.

माझ्या सासूबाईही याच शब्दांत बोलल्या होत्या. मला राग आला होता. मला वाटलं, यांचा विश्वास कमी पडतोय. पुढे एकदा नाताळच्या तयारीत करंज्या करताना त्यांनी त्यांच्या सासऱ्यांची गोष्ट सांगितली. नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात ते लहानाचे मोठे झाले. गावच्या शाळेत त्यांना ओसरीबाहेर बसायला लावायचे आणि पाटी लांबून तपासायचे. नंतर ते मिशनच्या बोर्डिंगात आले आणि पहिल्यांदा इतर मुलांच्या रांगेत, आत, सतरंजीवर बसले. ते म्हातारपणीही ती सतरंजी आठवून रडायचे. सासूबाई हे सांगत होत्या आणि हातातली करंजी मुरडायची तशीच राहिली होती. मग त्या म्हणाल्या, "जिथं बसायला मिळावं म्हणून ते अनवाणी आले, तिथून तू पोरं उठवतेस."

ताई, हे आपण नीट समजून घ्यायला हवं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ ला सुरू झालं. सिंथिया फरार बाईंनी तिथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्याचं शिक्षण घ्यायला त्यांच्याकडे गेल्या होत्या. आपल्यापैकी किती घरांची कहाणी अशाच एखाद्या शाळेपासून सुरू होते! अमेरिकेतल्या घरशाळेच्या चळवळीचा इतिहास वेगळा आहे. तिथे पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबं सरकारी शाळेतल्या शिकवणुकीशी मतभेद झाले म्हणून बाहेर पडली, राज्याराज्यांत त्यासाठी लढली. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांत, व्हिडिओंत शाळा हे एक संकट असतं. ती भाषा आपण उचलून आपल्या सासूबाईंसमोर बोललो, तर त्यांच्या घराण्याला जे मिळालं त्याचाच अपमान केल्यासारखं होतं. आपल्या इतिहासात शाळा शत्रू नव्हती. ती प्रार्थनेचं उत्तर होती.

मग आपण घरी का शिकवतो? माझं उत्तर मी सासूबाईंना असं दिलं: त्या शाळेनं तुमच्या सासऱ्यांना जे दिलं, ते माझ्या मुलांना मला स्वतः द्यायचंय, आणि ते देण्याइतकं शिक्षण त्याच शाळांमुळे माझ्या पदरात पडलंय. पंडिता रमाबाईंचंही सांगितलं. केडगावच्या मुक्ति मिशनमुळे आपल्यात त्यांचं नाव घरोघरी आहे, पण त्यांचं बालपणीचं शिक्षण कुठल्या शाळेत झालं नव्हतं हे सहसा कुणाच्या ध्यानात नसतं. त्यांच्या वडिलांनी, अनंतशास्त्री डोंगऱ्यांनी, लोकांचा विरोध पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं आणि मग त्या आईनं लेकीला शिकवलं, पहाटे, घरातली कामं सुरू होण्याआधी, तेही तीर्थयात्रा करत गावोगाव फिरत असताना. घर ख्रिस्ती नव्हतं. पण आईनं दिलेल्या त्या विद्येवरच पुढे रमाबाईंनी मूळ भाषा शिकून पवित्र शास्त्राचा मराठी अनुवाद केला. सासूबाई त्या दिवशी काही बोलल्या नाहीत. महिन्याभरानं त्यांनी स्वतःहून थोरल्याला पाढे म्हणायला घेतले. म्हणून तुम्हाला सुचवते, आठवड्यातले दोन दिवस काहीतरी शिकवायचं काम सासूबाईंकडेच द्या. गायनं असोत, पाढे असोत, भाकरी असो. त्या वेळेत मध्ये बोलायला जाऊ नका.

विश्वासाचं बोलायचं तर एक गोष्ट मनापासून सांगते, वाईट वाटून घेऊ नका. "बाहेर वाईट संगत लागेल" हे तुमच्या पत्रात तीनदा आलंय. भीती मलाही होती. पण निव्वळ भीतीवर उभं केलेलं घर मुलांना लवकर कळतं. माझा थोरला नऊ वर्षांचा असताना माझ्याशी खोटं बोलला, सलग आठ दिवस. त्याला कुणी शिकवलं? कुणीच नाही, तो घरातच होता. त्या आठवड्यात मला कळलं की पाप दाराबाहेर थांबत नाही, आणि माझं काम दाराला कडी लावण्याचं नाही. माझं काम त्याच्याबरोबर गुडघे टेकण्याचं आहे, आणि मी त्याच्यावर ओरडले असेन तर त्याच्यासमोर माफी मागण्याचं आहे. हे शाळेत जाणाऱ्या मुलांच्या आयांनाही करता येतं. आपल्याला त्यासाठी दिवसाचे जास्त तास मिळतात एवढंच.

पवित्र शास्त्रातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचनं मुलांना कधी शिकवायची ते सांगितलंय: घरी बसलेले असताना, वाटेनं चालताना, निजताना, उठताना. त्यात वेगळा तास नाही. म्हणून "पवित्र शास्त्र" हा विषय वेळापत्रकात सातवा म्हणून लावू नका. आमच्याकडे सकाळी नाश्ता झाला की ताटल्या उचलायच्या आधीच एक गायन, थोडं वाचन, प्रार्थना, असं सगळं मिळून दहा-बारा मिनिटं चालतं. लहान मुलांना त्याहून जास्त वेळ बसवलं की ती देवाच्या नावानं कंटाळायला शिकतात. तेविसावं स्तोत्र आम्ही महिनाभर रोज म्हटलं. पाठ करा असं कधी सांगितलं नाही, महिन्याअखेर तीन वर्षांच्या धाकट्यालाही येत होतं.

एक सकाळ सांगते, म्हणजे मी काय म्हणतेय ते दिसेल.

थोरला सहा वर्षांचा होता. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायातली जक्कयाची गोष्ट वाचली. आपल्या मराठी शास्त्रात जक्कय उंबराच्या झाडावर चढतो. तो म्हणाला, "आई, उंबर म्हणजे?" आमच्या गल्लीच्या टोकाला दत्ताच्या देवळामागे उंबर आहे. ताटल्या तशाच ठेवून गेलो. देवळात झाडणाऱ्या आजींना विचारलं, त्या म्हणाल्या, बघा की. फळं फांदीच्या टोकाला नव्हती, बुंध्यालाच घोसानं लगडली होती, याचंच त्याला पहिलं नवल. एक खाली पडलेलं फळ नखानं उकललं तर आत बारीक बारीक फुलांचा गच्च थर, आणि त्यातून चिलटांएवढे पंखवाले किडे बाहेर पडले. तो किंचाळून मागे सरला आणि लगेच पुन्हा पुढे आला. आजींनी त्याला सांगितलं की उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, म्हणून फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो. खरं तर फुलं फळाच्या आतच असतात, आणि ते किडे आत शिरून परागकण नेतात-आणतात म्हणून बी धरतं. जक्कय चढला ते यरीहो गावातलं झाड आपल्या उंबराच्या कुळातलंच, जात थोडी वेगळी.

घरी येऊन त्यानं झाड काढलं, बुंध्यावर लाल ठिपके. रात्री बाबांना सगळी गोष्ट सांगितली आणि मध्येच थांबून म्हणाला, "जक्कयाच्या अंगावर किडे चढले असतील, तरी तो उतरला नाही. त्याला येशूला बघायचंच होतं." मी ही गोष्ट शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या मुलांच्या वर्गात, लहानपणापासून ऐकलेली. हे माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

त्या सकाळी वाचन झालं, पवित्र शास्त्र झालं, विज्ञान झालं, मराठीतला वाक्प्रचार झाला आणि एका आजींशी ओळख झाली. त्या आजी पुढे कितीतरी वर्षं त्याला "काय रे जक्कय" म्हणून हाक मारायच्या. इंग्लंडमध्ये शार्लट मेसन नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाई होऊन गेल्या, १८४२ ते १९२३. लहान मुलांचे पाठ छोटे ठेवा, त्यांना चांगलं वाचून दाखवा, मग त्यांच्याच शब्दांत सांगायला लावा आणि रोज उघड्यावर न्या, हा त्यांचा आग्रह असायचा. मी खूप काही वापरून पाहिलं, अखेर माझ्या हाताला हेच बसलं. यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही.

अमेरिकन अभ्यासक्रम वाईट असतो असं नाही. मी दुसऱ्या वर्षी एक मागवला होता. त्यातले वाचनाचे पाठ छान होते. पण गणितात डॉलर आणि सेंट, मोजमापात इंच आणि पाउंड, ऋतूंच्या पाठात बर्फ, आणि इतिहास सगळा त्यांच्या देशाचा. माझं मूल खिडकीतून पावसाळा बघत होतं आणि पुस्तकात पानगळ चालली होती. चतकोर भाग वापरला, बाकीचा माळ्यावर गेला. ज्यांच्या घरी इंग्रजीच बोलतात किंवा ज्यांना दोन-तीन वर्षांत परदेशी जायचंय, त्यांना तो उपयोगी पडेल. तुम्ही मराठीत विचार करता, सासूबाई मराठीत रागावतात, मंडळीत उपासना मराठीत होते. तुमच्या मुलीनं आधी मराठी वाचायला शिकावं. बालभारतीची पुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पहिलीचं भाषेचं आणि गणिताचं पुस्तक उतरवून घ्या, आणि ते मुलीसमोर ठेवू नका, तुमच्याजवळ ठेवा. कुठपर्यंत जायचंय याचा तुम्हाला अंदाज यावा म्हणून.

वाचन शिकवताना क, ख, ग पासून सुरू करू नका. ग, म, भ, न या वळणाला सोप्या अक्षरांपासून करा. चार अक्षरं आली की गम, मग, नग, मन, नभ असे शब्द लगेच वाचता येतात, आणि शब्द वाचता आला की मुलाचे डोळे चमकतात. मग काना, मग दोन-दोन अक्षरं वाढवत जा. बाराखडी म्हणायला लावण्याची घाई नको. लिहायला वही नको, ताटात रवा पसरा आणि बोटानं काढू द्या. चुकलं की ताट हलवलं, पुसलं. धाकट्यालाही एक ताट द्या, तो रेघोट्या मारेल. रवा सांडेल, त्याची आधीच तयारी ठेवा. मुलगी सात वर्षांपर्यंत वाचायला लागली नाही तरी घाबरू नका. माझा थोरला साडेसात वर्षांचा होईपर्यंत धड वाचत नव्हता, आणि दहाव्या वर्षी पुस्तक हातातून सोडत नव्हता. पण आठव्या वर्षीही अक्षरं ओळखायला त्रास होत असेल, सारखी उलटसुलट होत असतील, तर नुसती प्रार्थना करत थांबू नका, आधी डोळे तपासा आणि मग तज्ज्ञाकडे दाखवा. इथे माझ्या ओळखीच्या एका घरात दोन वर्षं वाया गेली.

गणितात मराठी मुलांची एक खास अडचण असते. आपण आकडे उलटे म्हणतो. त्रेपन्न म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना पाच. माझी लेक कित्येक महिने त्रेपन्न ऐकलं की ३५ लिहायची, आणि एकोणतीस म्हणजे तिला तिशीतलाच वाटायचा. मी वह्या भरून घेतल्या, उपयोग झाला नाही. मग आगपेटीच्या काड्या आणल्या, दहा-दहाच्या जुड्या रबराला बांधल्या. त्रेपन्न म्हणजे पाच जुड्या आणि तीन सुट्या, हे तिनं हातानं मांडलं. एका जुडीतून एक काडी काढली की तीस नाहीत, एकोणतीस, हे तिला दिसलं. पंधरा दिवसांत गाडी रुळावर आली. किराणा आणताना सुटे पैसे तिच्याकडून मोजून घ्या, पोळ्या तिच्याकडून मोजून वाढून घ्या. पहिलीचं निम्मं गणित स्वयंपाकघरातच होतं.

वेळेचं विचाराल तर साडेपाच वर्षांच्या मुलीला बसून करायचं काम रोज वीस ते तीस मिनिटं, तेही दोन तुकड्यांत. सात वर्षांची झाली की तास-सव्वा तास. बाकीचा दिवस ऐकण्यात, खेळण्यात, घरकामात आणि बाहेर. शाळा पाच तासांची असते म्हणून घरी पाच तास बसवायचे नसतात, तिथे चाळीस मुलं असतात. यजमान शिफ्टला असतात ना, मग घड्याळाला बांधून घेऊ नका, क्रम पक्का ठेवा. नाश्ता, उपासना, बसून काम, बाहेर, जेवण, झोप, गोष्ट. यजमान रात्रपाळी करून सकाळी झोपलेले असतील त्या आठवड्यात आधी बाहेर जा, बसायचं काम दुपारी करा. तीन वर्षांचा मध्ये येईल. त्याला आधी दहा मिनिटं पूर्ण तुमची द्या, मांडीवर घेऊन गोष्ट वाचा, मग ताईची पाळी. त्याला आधी दिलं की तो निदान पंधरा मिनिटं सोडतो.

सोबतीसाठी संध्याकाळी सोसायटीतल्या, वस्तीतल्या मुलांत खेळायला सोडा, सगळ्या घरांतल्या. फक्त मंडळीतल्या मुलांत ठेवू नका. आपल्याला शेजाऱ्यावर प्रीती करायला सांगितलंय, आणि शेजारी माहीत नसेल तर ती करणार कशी?

आता कुणी थांबावं तेही सांगते. यजमान मनापासून सोबत नसतील, नुसतं "तू म्हणतेस तर" असं असेल, तर एक वर्ष थांबा. तुम्हाला सतत उदास वाटत असेल, प्रकृती बरी नसेल, बाळंतपण जवळ असेल, तर मुलीला शाळेत घाला आणि संध्याकाळचं वाचन घरी करा. तुमच्या पगारावर घर चालत असेल तर ओढाताण करू नका. मुलांना परत शाळेत घालणाऱ्या ज्या तिघींचा निर्णय मला बरोबर वाटला असं वर म्हटलं, त्यांच्या घरात हेच झालं होतं, आणि त्यातल्या एकीनं माझ्यासमोर रडत विचारलं होतं की मी देवाला कमी पडले का. नाही ताई, त्या कमी पडल्या नाहीत. कुणी असं म्हणत असेल तर ऐकू नका.

तुमच्या जागी असते तर मी असं केलं असतं. जूनपर्यंत फक्त क्रम लावला असता, सकाळची उपासना आणि रात्रीची गोष्ट, दोनच गोष्टी चुकू दिल्या नसत्या. जूनमध्ये गमभन आणि काड्या. दिवाळीला यजमानांबरोबर बसून एकदा विचार, चाललंय का, मुलगी आनंदात आहे का, तुम्ही आहात का. वर्षाअखेर पुन्हा. दहावीपर्यंतचं वचन आज कुणाला देऊ नका, एकेक वर्षाचं द्या.

आणि कागदपत्रं. बाप्तिस्म्याचा दाखला जपून ठेवा, पण सरकारी कामाला तो जन्मदाखला म्हणून चालत नाही. १ ऑक्टोबर २०२३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, पण तुमच्या दोन्ही मुलांचे जन्मदाखले हाताशी हवेतच. शाळेत न गेलेल्या मुलाकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो, आणि पुढे जातीचा किंवा रहिवासाचा दाखला काढताना तोच आधी मागतात. म्हणून यजमानांचे आणि सासऱ्यांचे शाळेचे दाखले शोधून त्यांच्या प्रती करून ठेवा. सासूबाईंना विचारा, बहुतेक त्यांच्याच ट्रंकेत असतील. ते काढायला त्यांच्याजवळ बसाल तेव्हा मुलीलाही घेऊन बसा आणि तिच्या आजोबांच्या शाळेचं नाव तिला वाचून दाखवा.